पहिला घाणा दानाचा

चकलीचा पहिला घाणा सोडताना तेलातून कढईचा तळ दिसतो. सहाव्या-सातव्या घाण्याला तो दिसेनासा होतो. भाजणीचा चुरा खाली जळून काळा झालेला असतो, तेलाला फेस धरतो आणि तळण तेल जास्त पितं. पहिल्या घाण्यातलं थोडं देवापुढे ठेवायचं आणि मग बाकीच्यांनी हात लावायचा, ही रीत बहुतेक घरांना ठाऊक आहे. म्हणजे द्यायचं ते आधी बाजूला काढावं, हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. तरीही आश्रमशाळेत, बालगृहात किंवा पाड्यावर वाटण्यासाठी सोसायट्या आणि मंडळं जो फराळ गोळा करतात, त्यातला बराचसा भाऊबीज उरकल्यावर डब्यांच्या तळाशी राहिलेला असतो.

हा क्रम उलटा झाला पाहिजे. दानाचा फराळ घरच्या फराळाच्या आधी तळावा. ते जमणार नसेल तर तळूच नये, पुरा शिधा द्यावा आणि तोही वसुबारसेच्या आत पोहोचवावा. उरेल ते पोत्यात भरून नेऊन देण्याची पद्धत मात्र सरळ बंद करावी.

यावर लगेच ऐकू येतं, की देणाऱ्याला नावं ठेवू नका, काहीच न देण्यापेक्षा हे बरं. देणाऱ्याच्या मनाबद्दल शंका घेण्याचं कारणच नाही. पण सुकं खोबरं खवट व्हायचं ते होतंच, आणि ते ज्याच्या ताटात पडतं त्याला ‘नको’ म्हणण्याची सोय नसते. घरच्या माणसाने खवट चिवडा बाजूला सारला तर कुणाला राग येत नाही. पाड्यावरच्या पोराने तेच केलं तर ‘यांना किंमत नाही’ असं बोललं जातं.

कोणता पदार्थ किती दिवस टिकतो, हे फराळ करणाऱ्या बायकांना पाठ असतं. ओल्या नारळाचे रवा-लाडू चार दिवसांत संपवायचे, कारण पाक कितीही नीट झाला तरी खोबऱ्यातला ओलावा आत राहतोच. खव्याची करंजी दोन-तीन दिवसांची. तीच करंजी सुकं खोबरं, भाजलेला रवा आणि पिठीसाखर यांच्या सारणाची असेल तर दोन आठवडे चांगली राहते. पाण्यात भिजवलेले शंकरपाळे दुधात भिजवलेल्यांपेक्षा जास्त टिकतात. बेसनाचा लाडू नीट भाजलेला असेल तर तीन आठवडे सहज जातो. चिवड्यात सगळ्यात आधी बिघडतात ते शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप. आता नरकचतुर्दशीच्या आठ दिवस आधी केलेला फराळ भाऊबीजेनंतर गोळा करून पुढच्या रविवारी वाटला, तर देण्याच्या दिवशीच त्याला दोन आठवडे होऊन गेलेले असतात. त्यात ऑक्टोबरची उष्णता. कोकणात परतीचा पाऊस लांबला असेल तर दमटपणाही.

घरोघरून थोडं थोडं जमवलेला फराळ आणखी धोक्याचा. चाळीस घरांच्या चकल्या एका पोत्यात येतात. कुणी पंधरा दिवसांपूर्वी तळल्या, कुणी काल. कुणाचं तेल ताजं, कुणाचं शेव आणि कडबोळी काढून झालेलं. लाडू चेंगरून चिवड्यात मिसळतात, चिवडा लाडवाचा ओलावा घेऊन मऊ पडतो, आणि एखाद्या पिशवीत खव्याची करंजी निघाली तर तिच्या आंबूस वासाने सगळंच फेकावं लागतं. शेंगदाण्याचं वावडं असलेल्या मुलासाठी त्या पोत्यातलं काय चालेल, हे सांगणारं कुणी नसतं. पोट बिघडलं तर कुठल्या पदार्थाने, तेही शोधता येत नाही. परदेशातल्या मुलांना फराळ पाठवताना मात्र आपण किती जपतो! खव्याचं काही घालत नाही, प्रत्येक पदार्थ वेगळा बांधतो, दसऱ्याच्या सुमारास पार्सल रवाना करतो आणि आत काय आहे याची चिठ्ठी लावतो. ही सगळी अक्कल आपल्याकडे आहे. ती फक्त दानाच्या पिशवीपर्यंत पोहोचत नाही.

तेलाचा मुद्दाही वेगळा सांगायला हवा. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात जी घातक संयुगं साठतात त्यांची मर्यादा अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २५ टक्के ठरवली आहे, आणि १ जुलै २०१८ पासून ती खाद्यव्यवसायांना लागू आहे. घरी हे मोजता येत नाही, पण खुणा सांगता येतात: मंद आचेवरही धूर, वर न मोडणारा फेस, चमच्यावरून मधासारखी पडणारी धार. यातलं एक जरी दिसलं तरी ते तेल तळणीतून बाद. वाटायचा फराळ करताना तर ठरवूनच टाकावं, की आज कढईत पडेल ते तेल नवं असेल आणि दिवसाच्या शेवटी जे उरेल ते तळणीला पुन्हा वापरायचं नाही.

आता तयार फराळच द्यायचा असं ठरलं, तर आधी घाणे मोजा. पन्नास घरांना प्रत्येकी १० चकल्या म्हणजे ५०० चकल्या. घरगुती कढईत एका वेळी पाच-सहा मावतात आणि मध्यम आचेवर एक घाणा व्हायला सात मिनिटं लागतात. म्हणजे जवळजवळ ९० घाणे, साडेदहा तास, आणि ज्या बाई सोऱ्या फिरवणार त्यांचे खांदे वेगळेच. हा हिशोब न केल्यामुळे संध्याकाळी आच मोठी होते. मोठ्या आचेवर चकली बाहेरून लाल होते, आत ओली राहते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते. तेलातले बुडबुडे थांबेपर्यंत ती काढायची नसते. घाईत मोहनाचंही चुकतं. एका वाटी भाजणीला एक मोठा चमचा कडकडीत तेल पुरतं. जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी पडलं तर दाताला लागते. भाजणीचं प्रमाण सरळ आहे, १ किलो तांदळाला अर्धा किलो हरभरा डाळ आणि पाव किलो उडीद डाळ, पण उडीद अंदाजाने वाढवला की चकली कडक होते. मोठ्या संख्येने करताना ‘अंदाज’ हा शब्दच स्वयंपाकघराबाहेर ठेवावा.

म्हणून माझं मत असं, की वाटपासाठी चकली निवडूच नये. लाडू आणि चिवडा निवडावा, फार तर शंकरपाळे. पुण्यात पूना मर्चंट्स चेंबर वर्षानुवर्षं रास्त दरात जो फराळ विकतं, तो लाडू-चिवड्याचाच आहे. मोठ्या प्रमाणावर करायला, बांधायला आणि टिकवायला हेच दोन पदार्थ सोयीचे. पन्नास घरांना प्रत्येकी पाच लाडू, म्हणजे २५० लाडवांसाठी साधारण सव्वाचार किलो रवाळ बेसन, दोन किलोंहून थोडं जास्त तूप आणि साडेतीन किलो पिठीसाखर धरा. बेसन एका वेळी किलोभरच घ्यावं. मंद आचेवर त्याला ३५ ते ४० मिनिटं लागतात. रंग बदलून तूप कडेने सुटू लागेपर्यंत हात थांबवायचा नाही, कारण कच्चट राहिलेलं बेसन टाळ्याला चिकटतं. पिठीसाखर मिश्रण कोमट झाल्यावरच घालायची. गरम असताना घातली तर ती वितळते आणि लाडू बसतात. चिवड्याला अर्धा किलो पातळ पोह्यांमागे १२५ ग्रॅम तेल, १२५ ग्रॅम शेंगदाणे आणि १०० ग्रॅम डाळं. वाटपाच्या चिवड्यात खोबऱ्याचे काप टाळावेत. चव थोडी कमी होईल, पण तो आठवडाभर जास्त टिकेल. प्रत्येक घराला पाव किलो द्यायचा तर पन्नास घरांना साधारण सात ते साडेसात किलो पोहे लागतात.

बांधणीत बहुतेकांचा हात घाईने चालतो. चिवडा पूर्ण गार व्हायला मोठ्या परातीत तीन-चार तास लागतात. कोमट असतानाच पिशवी बंद केली की आत वाफ धरते आणि पोहे चिवट होतात. वर्तमानपत्रात काहीही बांधू नये, शाई तेलात उतरते. लाडू कागदी खोक्यात वेगळे, चिवडा वेगळ्या पिशवीत, आणि दोन्हींवर हाताने लिहिलेली चिठ्ठी: कोणत्या दिवशी केलं, कधीपर्यंत खावं, शेंगदाणे आहेत का, तेल कोणतं. ही चिठ्ठी लिहायची म्हटलं की देणाऱ्याच्या हाताला आपोआप शिस्त लागते. शिळ्या फराळावर तारीख घालायला कुणाचाच हात धजत नाही.

हे सगळं वाचून ज्यांना वाटेल की एवढं झेपणार नाही, त्यांनी शिधा द्यावा. खरं तर झेपणाऱ्यांनीही आधी शिध्याचाच विचार करावा. फराळ म्हणजे खाणं आहेच, पण घरात भाजणीचा वास सुटणं, पोरांनी लाडू वळताना हात चिकट करून घेणं, शेजारच्या घरी ताट पाठवणं हेही त्यातच येतं. तयार पुडा दिला की घराला खाणं मिळतं, दिवाळी करायला मिळत नाही. ज्या बाईच्या घरी चूल आहे, कढई आहे, तिला आपला पुडा नको असतो. तिला तूप हवं असतं.

तूप हा शब्द मुद्दाम वापरला. २०२२च्या दिवाळीत राज्य सरकारने शिधापत्रिकाधारकांसाठी ‘आनंदाचा शिधा’ आणला. १०० रुपयांत १ किलो रवा, १ किलो चणाडाळ, १ किलो साखर आणि १ लिटर पामतेल. कल्पना चांगलीच होती, तिची दिशाही बरोबर होती, कारण तिने फराळ न देता फराळाचं सामान दिलं. पण यादी जरा नीट पाहा. यात लाडू कशाचा होणार? रव्याला तूप नाही. चणाडाळ भाजून गिरणीत नेल्याशिवाय बेसन नाही, आणि लहान वस्तीला गिरणी जवळ असेलच असं नाही. पोहे नाहीत, म्हणजे चिवडा नाही. दळण आणून शेव काढायची, नाहीतर शिरा करायचा. २०२३च्या दिवाळीत रवा आणि चणाडाळ अर्ध्या-अर्ध्या किलोवर आणून मैदा आणि पोहे घातले गेले. फराळाच्या दृष्टीने यादी सुधारली, तूप तरीही आलं नाही. दुसरी अडचण वेळेची. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. अनेक ठिकाणी चारही वस्तू एकत्र तोवर दुकानात आल्या नव्हत्या. कुठे साखर आली तर तेल नाही, कुठे तेल आलं तर डाळ नाही. फराळाला सामान किमान सहा-सात दिवस आधी हातात लागतं. लक्ष्मीपूजनाला मिळालेली डाळ ही आमटीची डाळ असते.

सरकारला एवढ्या मोठ्या संख्येत तूप परवडणार नाही, हे एक वेळ मानू. पन्नास घरांना देणाऱ्या मंडळाला ही सबब नाही. पाच माणसांच्या घरासाठी पुरा शिधा असा असावा: बारीक नाही, रवाळ दळलेलं बेसन १ किलो, पिठीसाखर आणि साखर मिळून १ किलो, तूप अर्धा किलो, मैदा अर्धा किलो, पातळ पोहे अर्धा किलो, शेंगदाणे पाव किलो, डाळं १०० ग्रॅम, तेल १ लिटर, वेलदोडे, ओवा, हळद, तिखट, मीठ, आणि उटण्याची पुडी व अंगाचा साबण. अर्ध्या किलो बेसनाला पाव किलो तूप आणि ४०० ग्रॅम पिठीसाखर लावली की तीसेक लाडू होतात. उरलेल्या अर्ध्या किलोची शेव. मैद्याला प्रत्येकी १५० ग्रॅम तूप आणि साखर, त्याचे शंकरपाळे. पोह्यांचा चिवडा. चार पदार्थ झाले, आणि तळून उरलेलं तेल दोन-चार दिवसांत भाजीला संपतं. सोऱ्या प्रत्येक घरी नसतो. वस्तीला दोन-तीन सोरे कायमचे देऊन ठेवले तर ते अनेक वर्षं पुरतात. एवढं केलं की कुणाच्या घरी काय शिजावं हे आपण ठरवत नाही, आणि सामान अर्धवट म्हणून कुणाचं काही अडतही नाही.

अर्थात या यादीतही आपलीच दिवाळी गृहीत आहे. अकोले, इगतपुरी, पालघर या भागांतल्या आदिवासी गावांत आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस होते. वाघाची, रानाची आणि गुरांची पूजा होते. सणाच्या ताटात तिथे नव्या पिकाचं आणि उकडलेल्या कंदांचं स्थान मोठं आहे. कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीला कारीट फोडून नव्या तांदळाचे पोहे खातात, गुळाचे, ताकातले, दुधातले. तेव्हा जिथे नेणार तिथे आधी विचारावं. उत्तर ‘पोहे आणि गूळ द्या’ असं आलं तर पोहे आणि गूळ द्यावा, आणि लाडवांचा आग्रह सोडावा. कुणी ‘फराळ नको, पोरांच्या अंगावर घालायला द्या’ म्हणालं तर तेही ऐकावं. पैसे दिले तर ते दारूत जातात ही शंका नेहमी निघते. ती खरी वाटत असेल तर वस्तीजवळच्या दुकानात रक्कम भरून घरातल्या बाईच्या नावाने चिठ्ठी द्यावी. विचारण्याचं काम त्यामुळे टळत नाही.

बालगृहं आणि वृद्धाश्रम यांची तऱ्हा वेगळी. दिवाळीच्या पाच दिवसांत तिथे गोडाचे डबे येऊन पडतात, आणि पौष-माघात कुणी फिरकत नाही. वृद्धाश्रमात मधुमेही किती आहेत, दात किती जणांना आहेत, हे न विचारता कडक बुंदीचे लाडू पोहोचवले जातात. अशा ठिकाणी व्यवस्थापकाला विचारून एकच दिवस आपला ठरवून घ्यावा आणि बाकीची रक्कम जानेवारी ते मार्चच्या दूध-भाजीसाठी द्यावी.

एक देणं तर दान या नावाखाली येऊच नये. घरकाम करणाऱ्या मावशी, जिना झाडणारे, कचरा नेणारे, रात्रपाळीचे पहारेकरी यांना दिवाळीची पोस्त द्यायची ती पैशांत. आणि ती धनत्रयोदशीच्या संध्याकाळी नको, कोजागिरीच्या सुमाराला हवी, म्हणजे बाजार करायला हाताशी दोन आठवडे राहतात. बोनसच्या कायद्यातला किमान दर ८.३३ टक्के आहे, म्हणजे वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा, एक महिन्याचा पगार. घरकामगारांना तो कायदा लागू होत नाही. पण मोजायला माप हवं असेल तर तेच घ्यावं. फराळाचं ताट त्याच्या जोडीला खुशाल द्यावं. पोस्तीच्या बदल्यात देऊ नये.

रोषणाईलाही हाच नियम लावून पाहावा. आकाशकंदिलाच्या कामट्या काढणारे बुरूड आणि पणत्या घडवणारे कुंभार यांना आपल्या दयेची गरज नाही, वेळेवर दिलेल्या मागणीची आहे. पणती पावसाळ्यात वाळत नाही. उन्हाचे दिवस हेरून भाद्रपदात माल करावा लागतो. सोसायटीने दिवाळीच्या चार दिवस आधी जाऊन घासाघीस करण्यापेक्षा गणपती उठल्यावर लगेच हजार पणत्यांची मागणी आणि अर्धी रक्कम आगाऊ दिली, तर कुंभाराला माती आणि सरपण उसनवारीवर घ्यावं लागत नाही. कंदीलही बांबू आणि कागदाचाच घ्यावा. थर्मोकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी तो दिसतो. कागदी कंदिलात ६० वॅटचा जुना दिवा लावला तर कागद करपतो. पाच-सात वॅटचा एलईडी पुरतो आणि तोच सांगाडा नवा कागद चिकटवून पुढची तीन-चार वर्षं चालतो. शिध्यासोबत पणत्या द्यायच्या तर त्याबरोबर वाती आणि तेलही द्यावं. नुसत्या चार पणत्या दिल्या तर त्या घराला स्वयंपाकाच्या तेलातून दिवा लावावा लागतो. पणत्या आधी दोन-तीन तास पाण्यात बुडवून ठेवायच्या, नाहीतर कोरी माती निम्मं तेल पिते. ज्यांना पहिल्यांदा मातीची पणती मिळते आहे त्यांना हेही सांगावं.

सगळ्यात कमी लक्ष जातं ते दिवाळीत घरी नसणाऱ्यांकडे. बीड आणि अहिल्यानगरच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या दसऱ्यानंतर निघतात, आणि ज्या वर्षी गाळप लवकर सुरू होतं त्या वर्षी त्यांची दिवाळी उसाच्या फडावर, कोपीत म्हणजे तात्पुरत्या झोपडीत होते. रायगड, ठाणे, पालघरमधली कातकरी कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्टीची वाट धरतात. अनेकांच्या हातात सणाला पैसा येतो तो भट्टीमालकाकडून घेतलेली उचल म्हणून, आणि पुढचे सहा महिने ती फेडण्यात जातात. गावात वाटलेला शिधा टोळीला मिळत नाही. भट्टीवर वाटलेला फराळ सणानंतर पोहोचतो. टोळीसाठी शिधा दसऱ्याच्या आत, ट्रॅक्टर गाव सोडण्याआधी द्यायला हवा, आणि तो तीन दगडांच्या चुलीवर होईल असा हवा: पिठीसाखर दळलेली, बेसन भाजून आणलेलं, तूप घट्ट झाकणाच्या बरणीत, कारण कोपीत मुंग्या पहिल्याच रात्री येतात. कातकरी घरासाठी तोच शिधा उचल घेण्याची वेळ यायच्या आधी, कोजागिरीच्या आसपास पोहोचला, तर सणाच्या खर्चापुरती तरी उचल कमी घ्यावी लागेल. त्यासाठी वर्गणी गणपतीतच जमवावी लागते, आणि वाडीवर किती चुली आहेत याची मोजणी पितृपक्षात करून ठेवावी लागते.